खारट चहा आणि सरांचं हिरवं पाणी

खारट चहा चेहरा न बदलता कसा प्यावा, याचं एक शास्त्र आहे. कुठल्या विद्यापीठात ते शिकवत नाहीत, पण मी त्यात पारंगत आहे. पहिला घोट वाफाळता असतानाच घ्यायचा, म्हणजे जीभ पोळते आणि तिला बाकीच्या तक्रारी सुचत नाहीत. दुसऱ्या घोटाला समोरच्या बाईच्या साडीचं कौतुक करायचं. तिसऱ्याला पावसाकडे वळायचं. नाशिकमध्ये पाऊस एक तर कमी होतो नाही तर जास्त होतो, त्यामुळे विषय कधी संपत नाही. तेवढ्यात कप रिकामा होतो. मग "आलं मस्त घातलंस हं," असं म्हणून उठायचं. दोनेक वर्षं मी हे बिनबोभाट केलं.

चहा शेजारणीचा. शेजारीण घराची नव्हे, कारखान्याची. आमचं घर शहरात, तिसऱ्या मजल्यावर, जिथे शेजारणी एकमेकींना फक्त लिफ्टमध्ये भेटतात. कारखाना मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, निळ्या ड्रमांची रांग आणि आठ-दहा बायका, ज्यांच्या हातांपेक्षा तोंडं जास्त चालतात. आम्ही लोणची करतो. उन्हाळ्यात टेम्पो भरभरून कैरी येते, धुतली जाते, फोडली जाते आणि मिठात पडते. मीठ लागलं की कैरी पाणी सोडते, त्याला खार म्हणतात. थोडा खार लोणच्यात जातो, उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर जातो.

या कारखान्यातलं सगळ्यात महागडं यंत्र म्हणजे माझी जीभ. ड्रमभर खारात मूठभर मीठ कमी पडलं तर मला एका थेंबात कळतं. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. मी फक्त त्यांना अडवत नाही. आणि सांगणाऱ्यांत शेजारीण सगळ्यात पुढे. तिच्या आंब्यांच्या कैऱ्यांवर माझा पहिला हंगाम झाला. शेडची जागा तिच्या दिरांची. ते शहरातल्या बाईला जागा द्यायला तयार नव्हते, तेव्हा हिने घरात शब्द टाकला होता. "बाई चांगली हाय, मी सांगते ना," एवढ्या एका वाक्यावर मला जागा मिळाली. तेव्हापासून रोज दुपारी तिच्या ओट्यावर आमचा चहा ठरलेला.

शेड बांधताना सांडपाण्याचा प्रश्न आला होता. बांधणाऱ्याने सांगितलं, शोषखड्डा घ्या. खड्डा खणला, दगड-विटांनी भरला, आणि चार पुरुषमाणसं काठावर उभी राहून "उत्तम" म्हणाली. पाणी सोडलं की खड्डा पिऊन टाकायचा. कुठे जातं ते पाणी, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. डोळ्यांआड झालं म्हणजे गेलं. खड्ड्याने मात्र आपलं काम इमानेइतबारे केलं. त्याच्या उताराला शेजारणीची विहीर होती.

पहिल्यांदा चहा खारट लागला तेव्हा मला वाटलं, साखरेच्या जागी मीठ पडलं असेल, घाईत होतं. मग रोजच घाई व्हायला लागली. मी यजमानणीला नावं कशी ठेवणार? डोळ्यांवर कातडं कसं ओढायचं हे सगळ्यांना येतं. जिभेवर कसं ओढायचं हे मी शोधून काढलं.

या शास्त्राची वाट लावली ती माझ्या नवऱ्याने. हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून सगळे त्यांना सर म्हणतात, आणि दुसऱ्यांसमोर मीही म्हणते, कारण त्यांना ते आवडतं. सरांना रक्तदाब आहे. लोणच्याच्या बाईच्या नवऱ्याला डॉक्टरांनी मीठ बंद करावं, यापेक्षा मोठा विनोद देवाला सुचला नसता. अळणी जेवून जेवून त्यांची जीभ इतकी हळवी झाली होती की पोळीतलं मीठही त्यांना ओरडून हाक मारायचं. तर असे हे सर, दिवाळीनंतर एका दुपारी मला न्यायला म्हणून आले, शेजारणीच्या ओट्यावर टेकले, पहिला घोट घेतला आणि म्हणाले,

"वहिनी, चहात मीठ पडलंय वाटतं."

शेजारीण पदराशी चाळा करत म्हणाली, "मीठ नाय पडलं, सर. हिरीचंच पानी हाय."

एवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले! त्यांच्या खिशात पेनाशेजारी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर असतो. तो त्यांनी तिच्या माठात बुडवला, डोळ्यांजवळ धरला, आणि कॉलेजात निकाल वाचायचे तसा आकडा मोठ्याने वाचला. मग विहिरीकडे बघितलं, मग आमच्या शेडकडे, मग पुन्हा विहिरीकडे. बाकी काही बोलायची गरज उरली नाही. बागेतल्या पानांच्या कडा का करपतात म्हणून तिच्या घरात हंगामभर खलबतं चालली होती, तिचा खताच्या दुकानदाराला दोष देऊन झाला होता, हवामानालाही देऊन झाला होता. शेजारणीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या साडीचं कौतुक केलं.

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. आमच्या भागात भांडण म्हणजे माणूस अजून आपलं आहे याची पावती. बांधावरून दोन पिढ्या भांडणारी घरं लग्नात एकमेकांच्या पंगती वाढतात. पण ती आली नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी भेटली तेव्हा म्हणाली, "बऱ्या हाय ना ताई तुम्ही?" जी बाई मला "अगं ए" म्हणून हाक मारायची, ती अहो-जाहोवर आली होती. चहाला मात्र बोलावलं नाही. मी शेडमध्ये जाऊन ड्रमामागे उभी राहिले आणि रडले. बायकांना वाटलं, मोहरीची पूड डोळ्यांत गेली.

त्याच आठवड्यात शोषखड्डा बुजवला. सांडपाणी मोठ्या टाक्यांत साठवायला लागलो, आणि टाक्या भरत चालल्या. आता या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्न होता, आणि आमच्या घरात प्रश्न पडला की सर आनंदी होतात. ते सायखेड्याला गेले आणि गोदावरीच्या पुलावर तासभर उभे राहून आले. तिथे नदी पाणवेलींनी गच्च भरते, पाणी दिसत नाही इतकी. लोक त्याकडे बघून शहराला शिव्या देतात. सर बघून आले ते उत्साहाने.

"अगं, आपण शहरातून नत्र, स्फुरद, सगळं आयतं वाढून पाठवतो, म्हणून ती माजते. वनस्पतीला खायचंच आहे ना? मग आपल्याच दारात पान वाढू. नदीपर्यंत कशाला जायचं?"

"शेडसमोर पाणवेली लावणार तुम्ही?"

"छे, छे. शेवाळ. डोळ्यांना दिसत नाही असं. एकेक पेशी."

लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्यासाठी या माणसाने गजरा आणला नाही, पण त्या संध्याकाळी कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेतून हिरव्या पाण्याची बाटली आणली, आणि ती कुशीत धरून आणली. शेडसमोर, भर उन्हात, गुडघ्यालाही लागणार नाही इतका उथळ सिमेंटचा हौद बांधला. माशांच्या पेटीला लावतात तसला पंप आणला, त्याची पारदर्शक नळी हौदात सोडली, आणि बुडबुडे यायला लागले. मग टाक्यांतलं सांडपाणी गाळून, साधं पाणी घालून, अगदी पातळ करून ते त्या शेवाळाला पाजायला लागले. शेवाळ वाढलं. हौद आधी पोपटी झाला, मग गर्द हिरवा. सर रोज सकाळी त्याच्या काठावर उकिडवे बसून त्याच्याशी बोलायचे. मी एकदा जवळ जाऊन ऐकलं. "घे, घे, अजून थोडं घे," असं चाललं होतं. मला जेवायला वाढताना हा सूर कधी ऐकू आला नव्हता.

विज्ञान मला समजलं ते एवढंच: शेवाळाला ऊन लागतं, हवा लागते, ढवळणं लागतं, आणि आपल्या घाण पाण्यातलं जे जे नदीला नको असतं ते ते त्याला हवं असतं. मीठही ते थोडंफार घेतं, पण मिठाची सवय हळूहळू लावावी लागते. एकदम दिलं तर मरतं. "माझ्यासारखंच आहे," सर म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

मला हसू येत नव्हतं. कैरीचा हंगाम तोंडावर आला होता. ड्रम भरणार, खार सुटणार, टाक्या ओसंडणार. हे हिरवं पाणी चाललं नाही तर दोनच वाटा होत्या: शेड बंद करायची, नाही तर कुदळ घेऊन तोच खड्डा पुन्हा उघडायचा. आणि कुंपणापलीकडची बाई तिच्या घरात कुणाकुणाला तोंड देत असेल, हे मला रोज दिसत होतं. तिच्या शब्दावर मी तिथे आले होते.

तेवढ्यात येवल्याला माझ्या भाचीचं लग्न निघालं. पैठणीच्या गावात लग्न, म्हणजे वधूपक्षाने साड्या दाखवायच्या आणि वरपक्षाने काठ उलटून बघायचे, या कार्यक्रमालाच दोन दिवस जातात. सर निघताना हौदाकडे वळून वळून बघत होते. शेवटी त्यांनी मावशींना बोलावलं. मावशी आमच्या कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या, घोटीकडच्या. त्यांच्या हाताखालून गेलेलं लोणचं नासलं असं कधी झालं नाही. सर त्यांना म्हणाले, "मावशी, हे तुमच्या हवाली. लोणच्याइतकं जपा."

माणसाने उपमा देताना विचार करावा. मराठीत जपण्यासाठी तळहाताचा फोड आहे, डोळ्यातलं बुबुळ आहे. पण सरांना नेमकं लोणचं आठवलं.

लग्न लागलं, आम्ही परत आलो आणि रिक्षातून उतरल्या उतरल्या सर हौदाकडे धावले. हौद दिसेना. हौदाच्या जागी पांढरंशुभ्र काहीतरी ताणून बसवलेलं होतं. मावशींनी चार जुन्या चादरी धुऊन, एकमेकींना टाके घालून, हौदाच्या तोंडाला दादरा बांधला होता, बरणीला बांधतात तसाच, सुतळीने, चारी बाजूंनी गच्च. वर ताडपत्रीची सावली केली होती. पंप बंद होता. दादरा सोडला तर खाली बोटभर तेल तरंगत होतं. त्या तेलाखाली सरांचं शेवाळ पिवळं पडून तळाला बसलं होतं.

"मावशी, हे काय?" सरांनी विचारलं.

"बुरशी धरत व्हती, सर," मावशी म्हणाल्या. "वर पांढरा फेस आलता. मी म्हनलं, सर गावाला, आन माल नासला तं तोंड कसं दाखवू? वरचा तवंग काढला, मीठ मारलं, आन तेल वतलं. कच्चं नाय वतलं हां. कडवलं, पार गार केलं, मंग वतलं."

"आणि पंप?"

"सारखं ढवळून चालतं व्हय? मुरायचं कधी त्यानं?"

"मावशी, शेवाळाला ऊन लागतं हो."

"लागतं की. पर आधी. मीठ पडल्यावर सावलीच." मग त्यांनी सरांच्या पाठीवरून हात फिरवावा तसा हौदाच्या काठावरून हात फिरवला आणि धीर दिला, "काळजी करू नका. आता वरीसभर हलत नाय बघा."

एवढंच नव्हे. शेडमध्ये पाळीच्या दिवसांत बायकांनी शिवायचं नाही वगैरे थोतांड मी पहिल्याच वर्षी बंद केलं होतं. मावशींनी सरांच्या हौदासाठी ते पुन्हा सुरू केलं होतं. लोणच्याचं एक वेळ ठीक, पण सरांच्या मालाला विटाळ नको.

मी तोंडाला पदर लावून हसत होते. मग सर खाली बसले. काठावर नाही, जमिनीवर, लग्नातल्या नव्या धोतरासकट. तेलात स्वतःचं तोंड बघत बसले. ते मावशींवर ओरडले नाहीत. ओरडणार तरी काय? त्यांनी सांगितलं होतं तसंच मावशींनी केलं होतं, लोणच्याइतकं जपलं होतं. माझं हसू तिथेच विरलं. मला त्यांची दया आली आणि स्वतःची भीती वाटली. कुंपणापलीकडे शेजारीण धुणं वाळत घालत होती. तिने सगळं बघितलं आणि घरात गेली.

थोडं शेवाळ वाचलं ते एका नळीत. पंप बंद केला तेव्हा हौदातलं थोडं पाणी उलटं त्या पारदर्शक नळीत चढून बसलं होतं, आणि नळीचा तो वेटोळा दादऱ्याबाहेर, उन्हात पडला होता. मीठ पडायच्या आधीचं पाणी ते, आणि मावशींच्या मायेतून सुटलेलं. सरांना तो हिरवा पट्टा दुसऱ्या दिवशी दिसला. त्यांनी नळी कापली आणि पाणी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओतलं. बरणी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. त्या हंगामात कैरी निम्मीच घेतली, सांडपाणी जादा टाक्यांत साठवलं, पण खड्डा उघडला नाही. हंगामभर मी त्या बरणीला वळसा घालून स्वयंपाक केला. माझ्या घरात माझ्याच बरणीत माझं लोणचं सोडून बाकी सगळं होतं.

मग सरांनी त्याला मिठाची सवय लावली. बाळाला वरणभात सुरू करतात तसा आधी थेंबभर खार, मग चमचाभर, मग वाटीभर. एका वाटीने रुसलं की मागे यायचं. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून रांगत चाललं. पावसाळा सरता सरता बरणीचा हौद झाला. या वेळी राखण पुन्हा मावशींकडेच दिली, कारण त्या दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देईनात. नियम तेवढे उलटे झाले. आता त्या पाळी विचारत नाहीत. हौदावर कुणाची सावली पडली की काठी घेऊन उठतात, मग तो मालक असो की गिऱ्हाईक.

आता कुणी विचारेल, चाललं का? चाललं. पाण्याचा वास गेला, फेस गेला, सरांच्या मोजणीत नत्र आणि स्फुरद जवळजवळ उरलं नाही. मिठाचं मात्र तसं नाही. शेवाळ मीठ खातं, पण माझ्या नवऱ्याइतकंच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. सरांना हे कबूल करायला बरेच दिवस लागले. मी ड्रमाकडे बघून आधीच ओळखलं होतं. म्हणून मिठाचं काम मलाच करावं लागलं. उरलेला खार फेकायचा बंद केला, गाळून मिरचीच्या लोणच्याला वापरायला लागले. त्याउपर उरलेला खार उथळ ट्रेमध्ये पत्र्यावर ठेवून उन्हात आटवला. हौदातून निघालेलं पाणी शेडमागच्या नारळांना. नारळाला थोडं खारं चालतं, त्याचं माहेर समुद्राचं. विहिरीच्या वाटेने आता आमचं काही मुरत नाही.

पण विहिरीचं काय झालं, ते आम्हाला कळत नव्हतं. पावसात विहीर भरली हे लांबून दिसायचं. सर मीटर खिशात घालून दोनदा तिकडे गेले, दोनदा "घरी पुरुषमानूस नाय" असं ऐकून परत आले. घरात तिचा सासरा आणि दोन दीर तेव्हा पत्ते खेळत बसले होते.

मग संक्रांत आली. शेजारणीच्या घरचं हळदीकुंकू मोठं असतं, आणि निमंत्रण सगळ्या बायकांना जातं, वैऱ्यालाही. मलाही आलं. मी येवल्याची साडी नेसून गेले. तिने हळदकुंकू लावलं, वाण दिलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि "गोड बोला, ताई" म्हणाली, जसं बाकी सगळ्यांना म्हणाली तसंच. मग चहा आला. मी सवयीने गरम असतानाच घोट घेतला, साडीच्या कौतुकाची तयारी केली, आणि थबकले. चहा गोड होता. मिठाचा मागमूस नाही. मला इतका आनंद झाला की शेजारी बसलेल्या बाईला मी विनाकारण मिठी मारली. सरांचं शेवाळ, माझे ट्रे, पावसाळा, जे कुणी असेल त्याचं भलं होवो! विहीर सुधारली होती.

कप ठेवायला म्हणून आत गेले. स्वयंपाकघरात ओट्याखाली निळ्या झाकणाचे विकत घेतलेल्या पाण्याचे जार होते. ओळीने ठेवलेले, पाहुण्यांसाठी. आणि शेगडीवर मागच्या बाजूला घरच्यांच्या चहाचं वेगळं, जुनं, काळवंडलेलं पातेलं होतं.

या घरात आता दोन पाणी होती, एक घरच्यांचं आणि एक परक्यांचं. मला परक्यांचं मिळालं होतं. त्या दोन वर्षांत प्यालेला खारट चहा मला कधी इतका हवासा वाटला नव्हता.

शेजारीण मागून आली. मी ते पातेलं उचलून कपात ओतत होते.

"ते नका घेऊ, ताई. ते घरच्यांचं हाय."

"म्हणूनच घेतेय."

मी घोट घेतला. साडीकडे बघितलं नाही, पावसाचं नाव काढलं नाही. "खारट आहे," मी म्हणाले.

मग तिने दार लोटून घेतलं, आणि बाहेर पंधरा बायका गोड बोलत असताना आत तिने मला जे सुनावलं ते मी सगळं इथे लिहिणार नाही. दिरांचे टोमणे होते, सासऱ्याचं मौन होतं, करपलेल्या पानांच्या कडा होत्या. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं, कारण ती पुन्हा मला अगं-तुगं करत होती. पण शेवटचं वाक्य मी ऐकायला नको होतं.

"आता म्हनती खारट! तवा का नाय म्हनलीस? घरात समदे म्हनायचे, पानी खारं झालं, त्या लोनच्याच्या शेडमुळं झालं. मी त्यांच्याशी भांडायची. म्हनायची, ताई रोज पिती की इथं. तिची जीभ म्हंजी तराजू हाय. पानी खारं असतं तं तिला पैल्या घोटाला कळलं असतं. तू पीत ऱ्हायलीस म्हनून मला वाटलं, माझ्याच तोंडाची चव गेली."

दोन वर्षं मी ज्याला शिष्टाचार समजत होते, ती तिच्या घरात रोज माझ्या बाजूने दिलेली खोटी साक्ष होती, आणि देत मी होते.

बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. तिने दाराला कडी घातली. पदराने डोळे पुसले, माझ्या हातातल्या कपाकडे बोट केलं आणि विचारलं, "किती खारं हाय?"

मी पुन्हा घोट घेतला. घाई केली नाही. खाराच्या ड्रमापाशी उभी राहते तशी उभी राहिले आणि जिभेला सगळं नीट सांगू दिलं.

"आहे अजून," मी म्हणाले. "पण तेव्हापेक्षा कमी आहे. थोडंच, पण कमी आहे. खरं सांगतेय."

तिने कप माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला. मग म्हणाली, "उद्या दुपारी ये. घरातल्या समद्यांपुढं पी, आन त्यांच्यापुढं सांग."